कापडाची घडी



गतवर्षी पोटाच्या दुखण्यामुळे आम्हांस एमआरआय यंत्रात शिरावे लागले. तंत्रज्ञाने आधी आमचे वजन विचारले, हात अंगापासून दूर ठेवविले आणि दोन्ही मांड्यांच्या मध्ये कापडाची जाड घडी घातली. ‘ही कशाला?’ असे विचारता तो म्हणाला, ‘कातडीला कातडी लागू नये म्हणून.’ उभा जन्म कामगार संघटनेत गेल्यामुळे, यंत्रापाशी एखादा नियम दिसला की तो कोणाच्या दुःखातून जन्मला हे शोधण्याची आम्हांस खोड आहे. त्या घडीचा इतिहास मिळेल तेथून वाचून काढला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या कोकणची माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबली. तेथे यंत्रांनी बोटे आधी तोडली. धोक्याच्या यंत्रांना कठडे घालण्याचा कायदा मागाहून, १८८१ साली आला. एमआरआयच्या बाबतीत मात्र हिशेब आधी झाला.

या यंत्रात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकात शरीरातील हायड्रोजनचे अणुगर्भ ठराविक गतीने डोलतात, आणि तेवढ्याच कंपनसंख्येच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. हे तत्त्व १९४६ साली ब्लॉख व पर्सेल यांनी दाखविले. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये काम केलेले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व त्यांनी तेथे या विद्येचा पाया घातला. १९७३ साली लॉटरबर यांनी तिच्यातून चित्र काढून दाखविले. मग १९७८ साली, ही यंत्रे रुग्णालयांत रुळण्यापूर्वीच, नॉटिंगहॅमच्या बॉटम्ली व अँड्र्यू यांनी गणित मांडले: रेडिओ लहरी शरीरात किती खोल जातील, वाटेत कशा बदलतील आणि किती उष्णता मागे ठेवतील?

ते गणित पुढे खरे ठरले. चित्र स्वच्छ यावे म्हणून चुंबक दीड टेस्लावरून तीन टेस्लांवर नेला. तेथे लहरींची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १२ कोटी ८० लाख होते, आणि पाण्याने भरलेल्या शरीरात त्यांची लांबी जेमतेम २६ ते ३० सेंटिमीटर उरते, म्हणजे पोटाच्या रुंदीपेक्षाही कमी. १५३० साली बांधलेल्या आमच्या धामापूरच्या तलावात दोन बाजूंनी दोन खडे टाकून पाहा. लाटेवर लाट चढते तेथे पाणी उसळते. लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो तेथे ते निवांत राहते. पोटात असेच घडते, आणि यकृताच्या चित्रावर नसलेली काळी छाया उमटते. शिवाय चुंबक दुप्पट केला की उष्णता साधारण चौपट होते.

यावर दोन उपाय निघाले. टायटेनेटची भुकटी पाण्यात कालवून भरलेल्या उश्या पोटावर ठेवल्या की लहरींची वाट बदलते. दुसरा उपाय, लहरी एकाऐवजी अनेक मार्गांनी सोडायच्या व प्रत्येकीचा जोर नि वेळ वेगळी जुळवायची. छाया त्याने पुसट होते. परंतु एखाद्याच ठिकाणी ताप साठण्याचे भय राहते. म्हणून मानवदेहाच्या प्रतिकृतींवर त्याचे गणित आधी करून पाहतात.

नियमही झाले. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९५ साली या यंत्रांच्या सुरक्षिततेचे मानक काढले. आज साध्या तपासणीत सबंध शरीराला दर किलोमागे २ वॅट ही मर्यादा आहे. वैद्यकीय देखरेखीखाली ती ४ पर्यंत जाते. मांडीला मांडी लागली तर मात्र शरीरातच विजेचे वेटोळे तयार होते आणि त्या अरुंद जागी कातडी भाजू शकते. आमची घडी त्यासाठीच होती.

आता मुद्द्याचे बोलतो. दर किलोमागची मर्यादा यंत्र पाळते ती आपण सांगितलेल्या वजनावरून. वजन चुकले की हिशेब चुकला. घाईत घडी राहिली की साऱ्या विद्वत्तेला ठिगळ लावायला कोणी उरत नाही. बाहेर रांग लावून तंत्रज्ञाला घाई करणारा कारभार हा त्या गणिताचाच शत्रू होय. तेव्हा वजन खरे सांगा, धातू व तारा अंगावर असल्या तर आधी सांगा, आत अंग तापले तर हातातील घंटी दाबा. आणि तुमची घडी नीट बसविणाऱ्या त्या माणसाला पुरेसा वेळ मिळावा, एवढी मागणी आमच्याबरोबर तुम्हीही करा.