ओवी पापी कधी झाली?

भवानीनगरच्या परिसरात ओवी म्हटली की जाते आठवते. हा छंद कधी पाप ठरला असेल, असे मला वाटले नव्हते. गोव्यात मात्र तसे घडले.

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्यासाठी त्यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. आदामाच्या पापापासून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंतची ही कथा सुमारे ११,००० ओव्यांत आहे. १६१६ मध्ये राशोलला ते रोमन लिपीत छापले, तेव्हा मुखपृष्ठावर इन्क्विझिशनच्या परवानगीचा उल्लेख होता. पापाविषयी सावध करण्याचे काम तेव्हा ओवीकडेच होते.

पुढे १७३६ मध्ये त्याच इन्क्विझिशनने ख्रिस्ती लग्नांत ओव्या गाण्यास मनाई केली.

छंद तोच, मग पाप कशात? १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने चित्रांतली कामुकता निषिद्ध ठरवली, पण चित्रे मान्यच ठेवली. दोष कलेत नाही, तिच्या वापरात, हा तो विवेक. गोव्यातल्या फर्मानाने तो पाळला नाही. माझ्या मते, भीती ओवीच्या आशयाची नव्हती, तिच्यातल्या आठवणीची होती. पाद्र्याने रचलेली ओवी ताब्यात राहत होती. मांडवातली ओवी राहत नव्हती.

इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद झाले. गोव्यातून गेलेल्या पूर्वजांचे वंशज असलेल्या मंगळुरी कॅथलिकांत लग्नाच्या ‘रोस’ विधीला आजही ओव्या म्हणतात. फर्मान दप्तरात राहिले, ओवी मांडवात.