शिस्तीकडून सुरक्षिततेकडे : भारतीय विद्यापीठ परिसरांतील सुरक्षाविषयक धोरणांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विद्यापीठ हे ज्ञानदानाचे केंद्र असते, तसेच ते हजारो तरुणांच्या निवासाचे, वावराचे आणि सहजीवनाचेही स्थान असते. त्यामुळे परिसराची सुरक्षा हा विषय विद्यापीठाच्या स्थापनेइतकाच जुना आहे. मात्र सुरक्षा कोणाची, कोणापासून आणि ती पुरविण्याची जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कालखंडात वेगवेगळी दिली गेली. या उत्तरांत गेल्या सव्वाशे वर्षांत कसा बदल होत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. प्रारंभी विद्यार्थी हा धोक्याचा उगम मानला गेला आणि पुढे तो संरक्षणाचा हक्कदार ठरला. हे परिवर्तन मुख्यतः विद्यापीठांच्या पुढाकाराने न होता न्यायालये व कायदेमंडळे यांच्या दबावाने झाले. विचार बदलला तरी साधने मात्र बहुतांशी जुनीच राहिली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वसाहतकालीन वारसा : विद्यार्थ्यापासून सुरक्षा

इ. स. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे प्रामुख्याने परीक्षा घेणारी व संलग्नता देणारी होती. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या वर्तनाची देखरेख महाविद्यालये व वसतिगृहे यांच्याकडे राहिली. पुढे बनारस हिंदू विद्यापीठ (१९१६) आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठ (१९२०) यांसारखी निवासी विद्यापीठे अस्तित्वात आली, तेव्हा ऑक्सफर्ड व केंब्रिजमधील 'प्रॉक्टर' या पदाचेही भारतीय भूमीवर आगमन झाले. शिक्षणसंस्था ही पालकाच्या ठिकाणी असून विद्यार्थ्याला वळण लावण्याचा अधिकार तिच्याकडे येतो, हे तत्त्व या व्यवस्थेमागे होते. संस्थेला हा अधिकार मिळाला, परंतु पालकाच्या कर्तव्याची व्याख्या कोठेही केली गेली नाही.

बंगालच्या फाळणीनंतर या शिस्तीला राजकीय रूप प्राप्त झाले. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगाल सरकारने काढलेल्या कार्लाइल परिपत्रकाने स्वदेशीच्या चळवळीत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांना न आवरणाऱ्या संस्थांचे अनुदान बंद करण्याची तंबी दिली. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने अशीच बंधने देशभर लागू केली. ऑक्टोबर १९०५ मध्येच पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि त्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. पुढे २२ जुलै १९३१ रोजी याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले व गोगटे यांना कारावास झाला. अशा प्रसंगांमुळे विद्यार्थ्यावर पाळत ठेवणे म्हणजेच परिसराची सुरक्षा, ही शासनाची धारणा अधिकच दृढ झाली. विद्यार्थ्याला स्वतःला परिसरात काही भय असू शकते, हा विचार या काळातील धोरणात अभावानेच आढळतो.

स्वातंत्र्योत्तर काळ : असंतोष आणि कल्याण

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, परंतु परिसराकडे पाहण्याची दृष्टी लगेच बदलली नाही. १९६० च्या दशकात 'विद्यार्थी असंतोष' हा शब्दप्रयोग रूढ झाला व परिसरातील प्रश्न हा पुन्हा कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न मानला गेला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मात्र या असंतोषाची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यांवर टाकण्यास नकार दिला. पालक, शिक्षक, शासन व राजकीय पक्ष हेही त्यास जबाबदार असल्याचे आयोगाने नमूद केले. आरोग्यसेवा, निवास व मार्गदर्शन या विद्यार्थीसेवा शिक्षणाचाच अविभाज्य भाग आहेत, अशी भूमिकाही आयोगाने घेतली. या शिफारशींतून विद्यार्थी कल्याणाची कल्पना विद्यापीठीय प्रशासनात रुजण्यास मदत झाली. तथापि, कल्याण हे संस्थेच्या सद्भावनेवर अवलंबून होते. विद्यार्थ्याला ते हक्क म्हणून मागता येईल, अशी यंत्रणा त्यात नव्हती.

रॅगिंगविरोधी कायदे : जबाबदारीचा प्रश्न

खऱ्या अर्थाने वळण मिळाले ते १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. नोव्हेंबर १९९६ मध्ये तामिळनाडूतील अण्णामलै विद्यापीठाच्या परिसरात प्रथम वर्षाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याची रॅगिंगमधून हत्या झाली. त्यानंतर तामिळनाडूने १९९७ मध्ये रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. केरळने १९९८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये असेच कायदे केले.

महाराष्ट्राच्या कायद्यात रॅगिंगसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते व पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करणे बंधनकारक आहे. तथापि, ऐतिहासिक दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे ती सातव्या कलमातील तरतूद. तक्रार येऊनही जो संस्थाप्रमुख कारवाईत कसूर करतो, त्याने त्या अपराधास अपप्रेरणा दिली असे मानण्यात येते. संस्थाप्रमुखाचे मौन हा या तरतुदीमुळे अपराधाचा भाग ठरला. पालकाच्या अधिकारासोबत येणारे व पूर्वी अव्याख्यात राहिलेले कर्तव्य येथे कायद्याच्या भाषेत मांडले गेले.

दिनांक ४ मे २००१ रोजी विश्व जागृती मिशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. रॅगिंग रोखण्याची प्राथमिक जबाबदारी संस्थेची आहे आणि ती पार न पाडणाऱ्या संस्थेचे अनुदान रोखता येईल, असे त्यात सूचित केले होते. १९०५ च्या परिपत्रकाशी याची तुलना उद्बोधक ठरते. दोन्ही वेळी हत्यार अनुदानाचेच होते. पहिल्या वेळी ते विद्यार्थ्याला दडपण्यासाठी उगारले गेले, तर दुसऱ्या वेळी त्याच्या रक्षणासाठी.

तरीही मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी ठरली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या आर. के. राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगने पुन्हा एका विद्यार्थ्याचा बळी घेतला. त्यानंतर त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. रॅगिंगविरोधी समिती व पथक, विद्यार्थी आणि पालकांची प्रतिज्ञापत्रे, चोवीस तास चालणारी राष्ट्रीय मदतवाहिनी आणि चोवीस तासांत पोलिसांकडे प्राथमिक माहिती अहवाल नोंदविण्याचे बंधन ही आज सर्व प्राध्यापकांच्या परिचयाची व्यवस्था या विनियमांतून निर्माण झाली. धोरणाच्या या प्रवासातील महत्त्वाच्या टप्प्यांमागे विद्यार्थ्याचा मृत्यू आहे, ही बाब विसरता येणार नाही.

स्त्रियांची सुरक्षितता : संरक्षण की स्वातंत्र्य

दुसरा प्रवाह लैंगिक छळाच्या प्रश्नातून आला. विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दि. १३ ऑगस्ट १९९७ रोजी दिलेल्या निर्णयाने कामाच्या ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक केली. समितीच्या अध्यक्षस्थानी स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्या आणि एक बाहेरील प्रतिनिधी असे तिचे स्वरूप होते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ मध्ये निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींसह स्वतंत्र समिती स्थापन केली. २०१७ मध्ये ती बंद होऊन तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आली.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर या प्रवाहाला वेग आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या कृतिगटाचा 'सक्षम' हा अहवाल आणि संसदेचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा हे दोन्ही २०१३ मधील आहेत. त्यापाठोपाठ आयोगाचे २०१५ चे विनियम आले. परिसर सुरक्षेच्या नावाखाली अतिदेखरेख होऊ नये, स्त्रियांच्या संचारस्वातंत्र्याचा संकोच होऊ नये, तसेच सुरक्षेचे कारण सांगून विद्यार्थिनींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे व भेदभावाचे नियम लावू नयेत, असे त्यांत स्पष्टपणे म्हटले आहे.

याच वर्षी याच आयोगाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही प्रसृत केल्या. सहज चढता येणार नाही अशी संरक्षक भिंत, त्यावर काटेरी तारेचे वेटोळे, सीसीटीव्ही कॅमेरे, बायोमेट्रिक उपस्थिती आणि परिसरात पोलीस ठाणे अशा उपायांचा त्यांत समावेश आहे. एकाच संस्थेच्या, एकाच वर्षातील या दोन दस्तऐवजांत सुरक्षेच्या दोन भिन्न कल्पना शेजारीशेजारी नांदताना दिसतात. एकीच्या मुळाशी विद्यार्थ्याचा हक्क आहे, तर दुसरीच्या मुळाशी जुनी पाळत आहे.

हा विरोध कागदापुरता मर्यादित राहिला नाही. वसतिगृहांच्या वेळमर्यादेविरुद्ध दिल्लीतील विद्यार्थिनींनी २०१५ मध्ये 'पिंजरा तोड' ही मोहीम सुरू केली. सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात छेडछाडीच्या घटनेनंतर विद्यार्थिनींनी सुरक्षिततेची मागणी करीत आंदोलन केले, तेव्हा त्यांच्यावर लाठीमार झाला. त्यानंतर त्या विद्यापीठात प्रथमच मुख्य प्रॉक्टरपदी एका स्त्रीची नेमणूक झाली. सुरक्षितता मागणाऱ्यांनाच सुव्यवस्थेचा धोका मानले जाणे, यातून वसाहतकालीन वारसा किती चिवट आहे हे स्पष्ट होते.

अलीकडील टप्पा : मानसिक सुरक्षितता

अलीकडे सुरक्षेच्या व्याख्येत मानसिक आरोग्याचा समावेश झाला आहे. विद्यार्थ्यांच्या वाढत्या आत्महत्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. त्याच निर्देशांत निवासी संस्थांनी छेडछाड न करता येणारे पंखे बसवावेत आणि गच्चीवर जाण्यास निर्बंध घालावेत, असेही म्हटले आहे. तातडीचा उपाय म्हणून त्याचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु पंखा बदलणे हे एका खरेदी आदेशाने साध्य होते, तर समुपदेशकाबद्दल विद्यार्थ्याच्या मनात विश्वास निर्माण करणे हे दीर्घकाळाचे काम आहे. सोपे काम प्रथम पूर्ण होते आणि अवघड काम अहवालात पूर्ण दाखविले जाते, हा या क्षेत्रातील खरा धोका आहे.

याचाच एक विशेष म्हणजे 'तक्रारी निरंक' हा शेरा. वार्षिक अहवालात व मूल्यांकनाच्या कागदपत्रांत हा शेरा संस्थेच्या उत्तम स्थितीचा पुरावा म्हणून मांडला जातो. वस्तुतः त्याचे दोन अर्थ संभवतात. परिसरात काहीच घडले नाही हा एक, आणि सांगण्याजोगे कोणी वाटले नाही हा दुसरा. १९९९ च्या कायद्यातील सातवे कलम तक्रार आल्यानंतरच लागू होते. तक्रार येऊच न देणाऱ्या वातावरणावर कोणतेही कलम चालत नाही.

निष्कर्ष

१. वसाहतकाळात परिसराची सुरक्षा म्हणजे शासन व संस्था यांची विद्यार्थ्यापासून सुरक्षा असा अर्थ होता. १९९७ नंतर विद्यार्थी हा सुरक्षेचा हक्कदार मानला गेला.

२. हा बदल प्रामुख्याने न्यायालयीन निर्णय व कायदे यांतून झाला. विद्यापीठांनी तो बहुधा अनुपालन म्हणून स्वीकारला.

३. २०१५ मधील दोन दस्तऐवज दर्शवितात त्याप्रमाणे हक्काची भाषा आणि पाळतीची साधने आजही एकत्र वावरत आहेत. भिंती व कॅमेरे यांना आपले स्थान आहे, परंतु रॅगिंग व लैंगिक छळ या दोन्ही बाबतींत धोका पुष्कळदा भिंतीच्या आतच असतो.

४. समित्यांचे यश तक्रारींच्या अभावावरून न मोजता, आलेली तक्रार किती दिवसांत व कशा रीतीने निकाली निघाली यावरून मोजले जाणे आवश्यक आहे.

नियम कितीही काटेकोर असले, तरी नवख्या विद्यार्थ्याचा पहिला संपर्क येतो तो वर्गातील शिक्षकाशी. रॅगिंगविरोधी समितीचे, तक्रार समितीचे व वसतिगृहाचे कामही बहुतेक महाविद्यालयांत शिक्षकच पाहतात. म्हणून सूचनाफलकावर लावलेल्या समितीच्या यादीतील एखाद्या नावाकडे विद्यार्थ्याला निःसंकोचपणे जाता येते किंवा नाही, यावरच या शतकभराच्या धोरणविकासाचे अंतिम फलित अवलंबून आहे.