घोड्यातील इन्सुलिनविकार व जीवाणूंचे अंतर्विष

घोड्याच्या रक्तातील इन्सुलिन दीर्घकाळ चढे राहिले, की जीवाणूंच्या अंतर्विषाला (एंडोटॉक्सिनला) त्याचे शरीर वेगळा प्रतिसाद देते, असे दिसते. अशा घोड्यात दाह घडवणाऱ्या पेशी पेटतात तशा वेळेवर शांत होत नाहीत. पाळीव जनावरांमध्ये या विषाला सर्वांत हळव्या असलेल्या प्राण्यांत घोड्याची गणना होते. म्हणून लठ्ठपणा, साखरेचे चयापचय आणि खुरांचे आजार यांचा एकत्र विचार करणे आज अश्ववैद्यकात आवश्यक मानले जाते.

अंतर्विष म्हणजे ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा मेदयुक्त शर्करेचा रेणू. जीवाणू मेला, फुटला की तो मोकळा होतो. रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास पटकीच्या जीवाणूंवर काम करताना पाहिले, की मेलेले जीवाणूही गिनीपिगचा जीव घेतात. त्यावरून या विषाची कल्पना पुढे आली. त्याच सुमारास पॅरिसमध्ये पटकीची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन पुढे प्लेगच्या साथीत मुंबईत आले आणि त्यांच्या प्रयोगशाळेतून परळची हाफकिन संस्था उभी राहिली. घोड्यांना सर्पविषाच्या किंवा निर्विष केलेल्या जीवाणुविषाच्या चढत्या मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढण्याचे काम महाराष्ट्राला याच परंपरेतून परिचित झाले. मात्र धनुर्वात किंवा घटसर्पाचे विष जिवंत जीवाणू बाहेर सोडतात. त्या बहिर्विषाविरुद्ध घोडा उत्तम प्रतिपिंडे तयार करतो. अंतर्विषापुढे मात्र हेच बळकट जनावर चटकन खचते.

या विषाचे मूळ घोड्याच्या पोटातच आहे. अंधनाल आणि मोठे आतडे यांत मिळून सुमारे शंभर लिटर ऐवज आंबत असतो आणि त्यात अब्जावधी ग्रॅम-ऋण जीवाणू असतात. निरोगी आतड्याचे अस्तर त्यांचे विष आतच रोखते आणि थोडे निसटले तर यकृत ते निपटून टाकते. पोटशूळ किंवा आतड्याला पडलेला पीळ यांत हा बांध फुटतो; अडकलेला जार किंवा शिंगरांच्या रक्तातील जंतुसंसर्ग यांत विष इतर वाटांनीही रक्तात येते. रक्तात आलेले विष पांढऱ्या पेशींवरील टीएलआर-४ या ग्राहीला भिडते आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाहद्रव्ये सुटतात. ताप येतो, नाडी धावते, रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. प्रयोगांत वापरली जाणारी मात्रा वजनाच्या किलोमागे २० नॅनोग्रॅम असते. म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला फक्त ८ मायक्रोग्रॅम, मिठाच्या एका कणाहूनही कमी.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरच्या रहिवाशांना या विषाची दुसरी बाजू कामावर भेटते. शेजारच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत, आणि २००३ साली ‘वोसुलिन’ हे इन्सुलिन बाजारात आणणाऱ्या वोक्हार्टचा बायोटेक पार्कही तेथेच आहे. इंजेक्शनच्या कुप्यांची कोणतीही खेप अंतर्विषाची चाचणी झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. इंजेक्शनसाठीच्या पाण्यात या विषाची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ एकक इतकी कडक आहे.

इन्सुलिनच्या बाजूने पाहता, २००२ मध्ये पशुवैद्यक संशोधक फिलिप जॉन्सन यांनी ‘घोड्यांतील चयापचय-विकारसमूह’ ही कल्पना मांडली. मानेच्या वरच्या कडेला आणि शेपटीच्या मुळाशी साठलेली चरबी, खाल्ल्यानंतर भलतेच चढणारे इन्सुलिन आणि लॅमिनायटिसचा (खुरातील पटलांच्या दाहाचा) धोका ही त्याची ओळख. पोनी, मॉर्गन, आंदालुशियन या ‘थोड्यावर पोसणाऱ्या’ जातींत आणि गाढवांत तो जास्त दिसतो, थरोब्रेडमध्ये कमी. उतारवयात पीयूष ग्रंथीचा विकार जडलेल्या काही घोड्यांतही इन्सुलिन असेच बिघडते. माणसाच्या मधुमेहाशी याची सरसकट तुलना करू नये. घोड्याची रक्तशर्करा बहुधा ठीकच असते. ती ठीक ठेवण्यासाठी स्वादुपिंडाला किती इन्सुलिन ओतावे लागते, हा प्रश्न असतो.

दोन्ही धागे एकत्र आणणारा महत्त्वाचा प्रयोग २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सहा निरोगी आणि सहा विकारग्रस्त घोड्यांना किलोमागे २० नॅनोग्रॅम अंतर्विष शिरेतून देण्यात आले. बाहेरून दिसणारी लक्षणे आणि पांढऱ्या पेशींची घट दोन्ही गटांत सारखीच होती. फरक होता तो आत. विकारग्रस्त घोड्यांच्या रक्तपेशींत दाहद्रव्यांच्या जनुकांची सक्रियता अधिक काळ टिकून राहिली. घोडे मोजकेच असल्याने या निष्कर्षाला तेवढेच वजन द्यावे. पण थर्मामीटर सारखाच आकडा दाखवत असताना दोन घोडे वेगवेगळ्या संकटात असू शकतात, ही गोष्ट उपचार करणाऱ्याने मनावर घ्यावी अशीच आहे. संबंध उलट दिशेनेही चालतो. अंतर्विष दिल्यावर सुदृढ घोड्याचीही इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता दुसऱ्या दिवशी घटलेली आढळली आहे. खुरांच्या बाबतीत पाहता, २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात निरोगी पोनींच्या रक्तात, साखर स्थिर ठेवून, इन्सुलिन सतत चढते ठेवले असता तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. उलट नुसते अंतर्विष देऊन हा आजार हमखास घडवता आलेला नाही. खुराच्या आजाराचा सगळा दोष पूर्वी ‘पोटातल्या विषा’वर टाकला जाई, तो समज आता सोडायला हवा.

आपल्याकडे हे सर्वाधिक लागू पडते ते वरातीच्या घोड्यांना. बजाजनगर, वाळूज आणि शेजारचे पंढरपूर या पट्ट्यात लग्नसराईत नवरदेवाच्या घोडीला मागणी असते. चातुर्मासात मुहूर्त नसतात आणि जनावर महिनोन्‌महिने दावणीला उभे राहते. चंदी मात्र चालूच. हरभरा, भरडा, वर गूळ, आणि दारात आलेल्याने कौतुकाने दिलेली पोळी. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा बघणारा भरलेल्या अंगावर आणि जाड मानेवर भाळतो, त्यामुळे विकणाराही तसाच पोसतो. ही आवड घोड्याच्या मुळावर येते. एकाच घमेल्यातून दोन घाव बसतात: साखर आणि पिष्ट इन्सुलिन चढवतात; आणि लहान आतड्यात न पचलेले पिष्ट मागच्या आतड्यात गेले, की लॅक्टिक आम्ल वाढते, ग्रॅम-ऋण जीवाणू मरतात, अस्तर सोलवटते आणि अंतर्विष रक्तात उतरते. पोते फोडून रात्रीतून धान्य खाल्लेला लठ्ठ घोडा लंगडत नसला तरी तातडीचा रुग्ण समजावा.

मोतद्दाराने रोज खरारा करताना मानेची कड मुठीत धरून पाहावी. ती मऊ असावी. ताठ आणि डावी-उजवी हलत नसेल, तर चरबी घट्ट साठली आहे. अंतर्विष भिनले की हिरड्या विटकरी किंवा जांभळट होतात आणि दातांच्या कडेने गडद रेघ उमटते. बोटाने दाबलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. विश्रांतीतील नाडी मिनिटाला ४४ च्या पुढे जाणे चांगले नव्हे. लॅमिनायटिसमध्ये घोटा आणि खूर यांच्यामधल्या भागात नाडी ठकठक लागते, खूर तापतात, आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो.

उपचारात मूळ कारण दूर करणे, शिरेतून द्रव, दाहशामक फ्लुनिक्सिन आणि प्रसंगी अंतर्विषाला बांधणारे पॉलिमिक्सिन-बी यांचा वापर पशुवैद्य करतात. लॅमिनायटिस दिसण्याआधीच खूर बर्फात ठेवणे हा त्यातला स्वस्त आणि प्रभावी भाग आहे. मात्र बर्फ घोट्याच्या वरपर्यंत आणि दोन-तीन दिवस अखंड लागतो, तासाभराचा शेक उपयोगी नाही. इन्सुलिन तपासताना सकाळची चंदी टाळून, फक्त सुका चारा दिलेला असताना रक्त घ्यावे. गरजेनुसार साखरेचा पाक पाजून पुन्हा मोजतात. घोड्याचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून किंचित वेगळे असल्याने प्रयोगशाळेची पद्धत घोड्यासाठी पारखलेली आहे का, हे आधी विचारावे. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. आहारात गूळ आणि धान्य बंद करून वजनाच्या दीड टक्का सुका चारा रोज मोजून द्यावा, तोही तासभर पाण्यात भिजवून, म्हणजे त्यातली काही साखर निघून जाते. लठ्ठ घोड्याला, विशेषतः पोनीला आणि गाढवाला, एकदम उपाशी मात्र ठेवू नये. चरबी झपाट्याने वितळून रक्तात आणि यकृतात साचते आणि त्याने जनावर दगावू शकते.