एक वडापाव, किती मिनिटं?

आजचा एपिसोड एका कबुलीने सुरू करतो.

दोन वर्षांपूर्वी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. पदार्थ टाका, वजन टाका, किती मिनिटं चालायचं ते ती सांगणार. वडापाव साधारण ३०० कॅलरी. माझं वजन ७० किलो. भरभर चालणं म्हणजे ४.३ मेट. ४.३ गुणिले ७०, तासाला ३०१ कॅलरी. एक वडापाव, एक तास. झालं!

होळीला आईने पुरणपोळी वाढली आणि मी म्हणालो, "ही सव्वा तासाची आहे." आई हसली नाही. पण त्यानंतर काहीही वाढायच्या आधी विचारायला लागली, "ही किती मिनिटांची रे?" ते ऐकून कसंतरीच व्हायचं. मग शोधायला बसलो, की हा हिशोब मुळात मांडला कोणी आणि कशासाठी?

तर चला अमेरिकेत. कनेक्टिकटमधलं मिडलटाउन गाव, तिथलं वेस्लियन विद्यापीठ, १८९० चं दशक. रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांनी माणूस राहू शकेल अशी एक बंद पेटी बनवली. सात फूट लांब, चार फूट रुंद. आत खाट, घडीचं टेबल, खुर्ची आणि जागेवर चालवायची सायकल. माणूस आत चक्क काही दिवस राहायचा. जेवण छोट्या झरोक्यातून. पेटीत नळ्यांमधून थंड पाणी खेळवलेलं असायचं. ते किती तापलं, यावरून अंगातून किती उष्णता निघाली ते कळायचं. आत गेलेलं अन्न आणि बाहेर आलेली ऊर्जा, दोन्हींचा मेळ जवळजवळ तंतोतंत बसला. एक ग्रॅम पिठूळ पदार्थ किंवा प्रथिनं ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९, हे आजचे आकडे ॲटवॉटर यांच्याच कामातून आलेत.

आता खरी गोष्ट ऐका. ॲटवॉटर यांना कोणाला बारीक करायचं नव्हतं! कामगाराच्या तुटपुंज्या पगारात घरच्यांना जास्तीत जास्त पोषण कसं मिळेल, ही त्यांची चिंता. म्हणून कोणत्या पदार्थावर तेवढ्याच पैशात किती ऊर्जा मिळते, याचे तक्ते त्यांनी मांडले. कॅलरी म्हणजे पदरात पडलेली कमाई होती.

ती दंड कधी झाली? १९१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी वजन कमी करण्यावर एक पुस्तक लिहिलं. ते तुफान खपलं. अन्न १०० कॅलरीच्या भागांत मोजायची सवय त्यांनी घराघरात नेली. मोजमाप तेच, पण प्रश्न उलटा झाला. 'पुरेसं मिळालं का?' ऐवजी 'जास्त तर नाही ना झालं?'

आणि माझी स्क्रिप्ट? तिच्यात दोन बग होते. एक मेट म्हणजे नुसतं बसून राहणं, दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी. म्हणजे चाललो नसतो तरी तासाभरात ७० जळाल्याच असत्या. त्या वजा करा, तर चालण्याची खरी भर २३१. वडापाव तासाचा नाही, ७८ मिनिटांचा! गंमत बघा, उत्तर वाढलं.

दुसरा बग मोठा. ७० गुणिले २४, म्हणजे १,६८०. दिवसभर काहीही न करता शरीर साधारण एवढं वापरतं. हृदय, मेंदू, यकृत, सगळे अहोरात्र कामावर. मी मात्र प्रत्येक घास कर्ज धरून चाललो होतो. अहो, बहुतेक जेवण तर जिवंत राहण्याचा पगार आहे!

व्यायाम करा, जरूर करा. मी अजूनही रोज चालतो. फक्त ताटाची परतफेड म्हणून नाही.

परवा आईने पुन्हा विचारलं, "ही किती मिनिटांची?" म्हटलं, "मोजलं नाही गं. तूप वाढ."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!