फुलीच्या टाक्याचा प्रवास

वांद्र्याच्या हिल रोडवरून किंवा लिंकिंग रोडवरून जातांना पदपथावरील दुकानांत मोबाइलच्या कव्हरांच्या रांगाच्या रांगा टांगलेल्या दिसतात. बहुतेक कव्हरें यंत्राच्या साच्यांतून निघालेलीं, आणि म्हणून हजारों हातांत एकसारखीं. याच जातीचें, परंतु निराळ्या प्रकृतीचें एक कव्हर २०१० नंतरच्या कांहीं वर्षांत परदेशांत विक्रीस आलें. त्याच्या पाठीवर बारीक भोकांची जाळी असते. तें कोरेंच विकत मिळतें. त्या भोकांतून सुईदोऱ्यानें फुल्या घालून नक्षी ज्याची त्यानें भरावयाची. आजच्या भाषणाचा विषय हें कव्हर नव्हे, तर त्यावर येऊन बसलेला तो जुना टाका आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु घरांतील स्त्रियांच्या हातांचा इतिहास बहुधा अशा किरकोळ वस्तूंतच लिहिलेला असतो, आणि तो वाचणारे थोडे असतात.

फुलीचा टाका आपल्यापैकीं बहुतेकांनीं घरीं पाहिलेला आहे. एक तिरपा धागा आणि त्याला छेदणारा दुसरा तिरपा धागा, एवढेंच त्याचें रूप. भरतकामाच्या इतर बहुतेक प्रकारांत आधीं कापडावर चित्र रेखाटावें लागतें, आणि त्यासाठीं हात वळलेला असावा लागतो. येथें रेखाटन नाहीं. आहे ती केवळ मोजणी. घरें मोजावीं, रंग बदलावा, पुन्हां मोजावें. वरचा धागा सर्व फुल्यांत एकाच दिशेस पडला पाहिजे, एवढा नियम पाळला कीं काम सफाईदार दिसतें. जिला अक्षर वाचतां येत नाहीं, परंतु वीसपर्यंत मोजतां येतें, तिलाहि शेजारणीचा मोर पाहून तसाच मोर आपल्या कापडावर उतरवितां येतो. या टाक्याच्या प्रसाराचें रहस्य हेंच आहे.

हा टाका साहेबाबरोबर आपल्याकडे आला, असें कोणी म्हटलें तर तें अर्धेंच खरें ठरेल. इलकल येथील लुगडीं, ज्यांना आपण इरकली म्हणतों, तीं सोलापूर, कोल्हापूर, बेळगांव या भागांतील मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या नेसलीं गेलीं आहेत. त्यांवर कसूती नांवाचा कर्नाटकी कशिदा भरण्याची चाल आहे; गोपुरें, रथ, हत्ती, तुळशीवृंदावनें हे तिचे आवडते विषय. कसूतीचे टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यांपैकीं मेंथी म्हणजेच आपला फुलीचा टाका. कानडींत मेंथे म्हणजे मेथी. येथेंहि कापडावर चित्र काढीत नाहींत; विणीचे धागे मोजूनच काम चालतें, आणि मागच्या बाजूस गांठ मारीत नाहींत.

दुसरा प्रवाह मात्र युरोपांतून आला. इंग्लंडमध्यें मुली टाक्यांचा सराव ज्या कापडाच्या पट्टीवर करीत, तिला सँपलर म्हणत. ज्यावर साल घातलेलें आहे असा सर्वांत जुना इंग्रजी सँपलर १५९८ चा असून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. त्यावर भरणारीचें नांव आहे, जेन बॉस्टॉक. आणि ॲलिस ली या मुलीचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६ रोजीं झाल्याची नोंदहि टाक्यांतच केलेली आहे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनच्या प्रकाशकांनीं चौकोनी घरांच्या कागदावर रंगीत नमुने छापण्यास सुरुवात केली, आणि फुलीचा टाका घरोघरीं शिरला. १८८६ मध्यें तेरेझ द दिलमाँ या बाईंचा भरतकामाचा ज्ञानकोश प्रसिद्ध झाल्यावर त्याला ग्रंथाचाहि आधार मिळाला.

हा प्रवाह वांद्र्यास पोंचला तो कॉन्व्हेंटच्या वाटेनें. बेल्जममधील लीज शहरीं १८३३ मध्यें स्थापन झालेल्या डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या जोगिणी १८६० नंतरच्या दशकांत या बाजूस आल्या. वांद्र्याचें सेंट जोसेफ कॉन्व्हेंट हें त्यांचेंच काम. वांद्रें तेव्हां ठाणें जिल्ह्यांतील गांव होतें. अशा शाळांत शिवण-भरत हा मुलींच्या शिक्षणाचा नेहमींचा भाग असे, आणि अनाथ मुलींना तर सुई हेंच पोटाचें साधन ठरण्याचा संभव असे. हिंदु घरांतील स्त्रियांसाठीं हेंच कार्य निराळ्या भूमिकेवरून सुरू झालें. बेहरामजी मलबारी यांच्या पुढाकारानें १९०८ मध्यें मुंबईस व रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ मध्यें पुण्यास सेवासदन निघालें. तेथील शिवण-भरताच्या वर्गांनीं कित्येक विधवांना मिळवतें केलें. या शिक्षणास दुसरी बाजूहि होती, ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. सुईनें भाकर दिली. पण मुलीनें मान खालीं घालून एका जागीं बसावें, ही शिस्तहि तिनेंच लावली.

आणि या शिकलेल्या हातांनीं भरलें काय? घरांत जें जें नवें यंत्र आलें, त्याला वस्त्र चढविणें हें गृहिणीनें आपलें कर्तव्य मानलें. मुंबईंत १८८२ मध्यें दूरध्वनि आला, २३ जुलै १९२७ रोजीं नभोवाणी केंद्र सुरू झालें, २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरचित्रवाणी आली. मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत रेडिओवर मॅटीचें आच्छादन, त्यावर राघू-मैना. पुढें टेलिफोनखालीं रुमाल आणि दूरचित्रवाणीवर झालर. इंचाला १४ घरें पडतील अशा मॅटीचा दीड फूट लांब व एक फूट रुंद तुकडा पुरा भरावयाचा म्हटला, तर ४२,३३६ फुल्या होतात. एवढे टाके घालणारीचें नांव मात्र त्या आच्छादनावर क्वचितच आढळतें. पाहुणे रेडिओची किंमत विचारीत. आच्छादन कोणीं भरलें, हें विचारणारा विरळा. तें फाटलें, कीं त्याचें फडकें होई, आणि इतिहासाचें एक पान पुसलें जाई.

मोबाइलचें कव्हर या परंपरेंत कोठें बसतें? भारतांत पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजीं झाला. रेडिओ घराचा होता, टेलिफोनहि घराचा होता. मोबाइल मात्र ज्याचा त्याचा. म्हणून जी स्त्री आपल्याच मोबाइलच्या कव्हरावर फुल्या भरते, ती दिवाणखाना सजवीत नाहीं, आणि कोणाचा रुमालहि भरीत नाहीं. आपल्या वस्तूवर आपली खूण करते. तिच्या आजीला ही संधि फारशी मिळाली नाहीं. काम मात्र तेंच आहे. कव्हरावरील भोकें मॅटीच्या घरांहून मोठीं असल्यानें फुल्या कमी लागतात, पण वळणें पायऱ्यापायऱ्यांचीं होतात. कॅमेऱ्याची जागा सोडून नमुना बसवावा लागतो. भोंवतालचें प्लास्टिक कापडासारखें नमत नाहीं, म्हणून सुई बोथट अग्राची आणि धागा बेताचा ओढलेला बरा.

एक धोका मात्र जुन्याहून मोठा आहे. मोबाइल बदलला कीं कव्हर निरुपयोगी होतें. लुगडें जितकीं वर्षें टिकलें, तितके महिनेहि तें टिकेलच असें नाहीं. म्हणून भरणारीनें दोन गोष्टी कराव्या, असें सुचवावेंसें वाटतें. नमुना चौकोनी घरांच्या कागदावर उतरवून जपून ठेवावा. आणि नक्षीच्या कोपऱ्यांत आपलें आद्याक्षर व साल भरावें. त्यास थोड्याच फुल्या पुरतात. जेन बॉस्टॉक नांवाची कोणी बाई होती, हें सव्वाचारशें वर्षांनंतर आज आपणांस ठाऊक आहे, तें तिनें एवढी तसदी घेतली म्हणूनच. आपल्या आज्यांच्या कामावर तेवढ्या फुल्या राहून गेल्या. नातींच्या कामावर त्या असाव्यात.