मुहतसिबाचा सिरका आणि मसाल्याची प्रयोगशाळा

बाराव्या शतकात, सुलतान सलाहुद्दीनच्या काळात, सीरियातील अब्दुर्रहमान शैजरी यांनी मुहतसिबांसाठी ‘निहायतुर्रुत्बा फी तलबिल हिस्बा’ हा ग्रंथ लिहिला. मुहतसिब म्हणजे बाजार तपासणारा अधिकारी. वजनमापे, रोटी, मांस, औषधे, अत्तरे हे सारे त्याच्या अखत्यारीत येई. केशरातल्या भेसळीबद्दल शैजरी जे सांगतात ते वाचून आजही हसू येते. लबाड विक्रेते मांस उकडून त्याचे तंतू काढत आणि ते रंगवून केशरात मिसळत. त्यावरची परीक्षाही दिलेली आहे: थोडे केशर सिरक्यात भिजवावे, आक्रसले तर त्यात मांस आहे.

विक्रेत्याच्या शपथेवर न थांबता वस्तूच तपासायची, ही रीत त्याहून जुनी. पैगंबर (स.) यांनी बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घातला, वरून कोरडे धान्य आत ओले निघाले आणि त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला, हा हदीसमधला प्रसंग अनेकांना ठाऊक असेल.

कीटकनाशकाच्या अंशापुढे मात्र हात, जीभ आणि सिरका तिन्ही निरुपयोगी ठरतात. इथे फसवणारा व्यापारी असतोच असे नाही. फवारणी शेतात झालेली असते, तीही कर्ज फेडायच्या घाईतल्या शेतकऱ्याने केलेली. शिवाय चार-पाच किलो ओली मिरची वाळून किलोभर उरते. पाणी उडून जाते, औषधाचा बराचसा अंश मागे राहतो.

आपल्याकडे या विषाची जाणीव मृत्यूंनी करून दिली. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या हालचालींतून 1968 चा कीटकनाशक कायदा आला.

आजच्या तपासणीत मसाला दळून त्यात ॲसिटोनायट्राइल आणि क्षार घालून हलवतात, वरचा द्रव शुद्ध करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरला देतात. ‘क्वेचर्स’ नावाची ही सोपी रीत 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ पद्धत फळे-भाज्यांसाठी होती. मिरचीचा रंग, वेलचीचे तेल, मिरीचा तिखटपणा यांची शेकडो संयुगे यंत्राला गोंधळात टाकतात, म्हणून मसाला हा रसायनशास्त्रज्ञांचा डोकेदुखीचा नमुना. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात द्राक्षांच्या निर्यातीसाठी प्रयोगशाळा उभी राहिली; तिथल्या शास्त्रज्ञांनी मसाल्यांच्या पद्धतींवरही काम केले आहे.

द्राक्षांची प्रयोगशाळा निर्यातीसाठी उभी राहिली, यातच बरेच काही आले. 2003 मध्ये युरोपात भारतीय मिरचीपुडीत सुदान रंग सापडला, तेव्हा आपल्या मसाला मंडळाने निर्यातीच्या मिरचीची तपासणी सक्तीची केली. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगने दोन नामांकित भारतीय कंपन्यांच्या मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याचे जाहीर केले. हा जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा वायू कर्करोगकारक आहे. लगेच हाँगकाँग आणि सिंगापूरला जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची झाली. परदेशी खरेदीदाराने ढिगात हात घातला की आपली यंत्रणा जागी होते.

त्याच एप्रिलमध्ये देशातल्या बाजारासाठी उलट दिशेने पाऊल पडले. ज्या औषधांची मसाल्यांसाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही आणि जी भारतात नोंदणीकृत नाहीत, त्यांची सरसकट मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने किलोमागे 0.01 मिलिग्रॅमवरून 0.1 वर नेली. मसाल्यात अचूक मोजणे अवघड असते, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण मोजणे अवघड म्हणून मर्यादा दहापट करायची, आणि तीही खाणाऱ्यांना फारशी खबर न देता, हे मला पटत नाही.

कोकणात उन्हाळ्यात घरोघरी बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्या आणून वर्षाचा मसाला कुटतात. बाया देठ खुडतात, वास घेतात, रंग बघतात, बुरशी लागलेली मिरची बाजूला काढतात. शैजरींच्या मुहतसिबाला जेवढे कळत होते तेवढे त्यांनाही कळते. त्या पोत्यासोबत प्रयोगशाळेचा अहवाल येत नाही.