सार्वत्रिक पुरळ

सार्वत्रिक पुरळ म्हणजे शरीराच्या मोठ्या भागावर उमटणारे डाग, पुटकुळ्या किंवा फोड. हा स्वतंत्र आजार नसून अनेक आजारांचे लक्षण आहे. सामान्य वैद्यकीय व्यवसायात त्याचे निदान मुख्यतः विचारपूस व प्रत्यक्ष तपासणी यांवर आधारलेले असते.

निदान

पुरळाची सुरुवात, ताप, खाज, नव्याने घेतलेली औषधे आणि कुटुंबातील इतरांचा त्रास यांची माहिती घेतली जाते. गोवरात ताप, खोकला व डोळ्यांची लाली यांनंतर पुरळ चेहऱ्यापासून खाली पसरते. कांजिण्यांत निरनिराळ्या अवस्थांतील फोड एकाच वेळी दिसतात. रात्री वाढणारी खाज घरातील इतरांनाही असल्यास खरूज संभवते. तळहात व तळपायांवरील पुरळ दुय्यम उपदंशात आढळू शकते. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. त्यामुळे तळवे व पापण्यांची आतील बाजूही पाहतात.

धोक्याची लक्षणे

पारदर्शक काचेचा पेला दाबूनही फिके न पडणारे डाग त्वचेतील रक्तस्राव दर्शवतात. सोबत ताप असल्यास मेनिंगोकोकस जिवाणूंचा संसर्ग किंवा डेंग्यू यांची शक्यता लक्षात घेऊन रुग्णास तातडीने रुग्णालयात पाठवतात. औषध घेतल्यानंतर त्वचा सोलवटणे आणि तोंडात व डोळ्यांत व्रण होणे ही स्टीव्हन्स-जॉन्सन संलक्षणाची चिन्हे असू शकतात. अशा वेळी संशयित औषध त्वरित थांबवणे आवश्यक असते.